दहा हजारांचं बिटकॉइन घ्यायचं तर कोणत्या वाटेनं? विदर्भातल्या खेड्यातून खरेदीची तुलना

खेड्यात बसून क्रिप्टो घ्यायच्या चार वाटा आहेत. भारतीय एक्स्चेंजवर (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर) आपला भाव लावून घेणं, ॲपमधलं झटपट खरेदीचं बटण दाबणं, पी-टू-पी म्हणजे अनोळखी विक्रेत्याच्या खात्यावर पैसे टाकून घेणं, आणि तालुक्याच्या ठिकाणचा 'मी घेऊन देतो' म्हणणारा माणूस. क्रिप्टो घ्यावं की नाही हा वाद इथं नाही. रक्कम बुडाली तरी बी-बियाण्याचे पैसे अडणार नाहीत, एवढं धरून पुढचं लिहिलं आहे.

चौथी वाट आधीच बाजूला काढू. रोख घेऊन 'तुमच्या नावानं ठेवतो' म्हणणाऱ्याकडे तुमच्या नावाचं काहीच नसतं. दरमहा ठरावीक टक्के देतो म्हणणारा तर सरळ उठवून लावावा. गेनबिटकॉइन या फसव्या योजनेवाल्यांनी 18 महिने दरमहा 10 टक्के बिटकॉइन देण्याचं आमिष दाखवलं होतं. त्यातले गुन्हे पुण्या-नांदेडला दाखल झाले आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. आणखी एक प्रकार फिरतो: 'फक्त आधार-पॅन आणि खातं द्या, ट्रेडिंग आम्ही करू, महिन्याला पैसे घ्या.' हे खातं भाड्यानं देणं झालं. चोरीचा पैसा त्यातून फिरला की पहिली नोटीस खातेदाराच्या घरी येते.

अमेरिकेत जानेवारी 2024 मध्ये थेट बिटकॉइन धरणाऱ्या ईटीएफना (शेअर बाजारात विकत मिळणाऱ्या फंडांना) मंजुरी मिळाली, तीही एक वाट सांगितली जाते. पण परदेशी पैसे पाठवण्याची बँकेची फी, डॉलर-रुपयाच्या दरातली कापणी आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दाखवणं, हे दहा-वीस हजारांसाठी परवडत नाही. सोडून द्या.

खरा खर्च किती

जाहिरातीत 'शून्य फी' लिहिलेलं असतं, तेव्हा कमाई खरेदी आणि विक्रीच्या भावातल्या फरकात असते. झटपट खरेदीचं बटण म्हणजे खेडा खरेदीच. काटा दारात येतो, बाजार समितीत रांग लावावी लागत नाही, पण क्विंटलमागे काय कापलं ते पावतीवर दिसत नाही. मोजायला एक मिनिट लागतं. त्याच ॲपवर त्याच क्षणी एकाच नाण्याचा खरेदीचा आणि विक्रीचा भाव बघा. समजा खरेदी 1,02,000 आणि विक्री 98,000 दिसते. दहा हजारांचं घेऊन लगेच विकलं तर हाती 9,608 येतात. बाजार तसूभर हलला नाही तरी 392 गेले.

भाव लावून घ्यायच्या पद्धतीत फी उघड असते. ती 0.5 टक्के धरली तर दहा हजारांवर 50 रुपये आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटीचे 9. विकताना पुन्हा तेवढेच. ये-जा मिळून साधारण 118. फी 0.2 टक्के असलेल्या ठिकाणी हेच 47 च्या आसपास येतं. त्यासाठी ॲपमध्ये 'स्पॉट' विभागात जाऊन 'लिमिट ऑर्डर' निवडावी लागते. भाव तुम्ही लिहायचा, त्या भावाला विकणारा मिळाला की सौदा होतो. घाईत 'मार्केट ऑर्डर' म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर दिली आणि नाणं फारसं चालणारं नसेल, तर दाखवलेल्या भावापेक्षा महाग पडतं. म्हणून बिटकॉइन, इथर अशा रुपयांत भरपूर उलाढाल असलेल्या नाण्यांपलीकडे नवख्यानं जाऊ नये. बाजूलाच 'फ्यूचर्स'चा टॅब असतो. तिकडे बोट गेलं तर ती नाण्याची खरेदी राहत नाही, उधारीवरचा सट्टा होतो.

एक कापणी दोन्ही पद्धतींत लपलेली असते. बिटकॉइन 1,00,000 डॉलरला आणि डॉलर 90 रुपयांना असेल, तर भाव 90 लाख निघायला हवा. भारतीय एक्स्चेंजवर 93 लाख दिसत असेल तर वरचे 3 लाख इथला अधिभार. विकताना तो अधिभार टिकून असेल तर परत मिळतो, उतरला असेल तर तुमचा तोटा. खरेदीआधी कॅल्क्युलेटरवर हा गुणाकार करावाच.

| वाट | खर्च कुठे लपतो | मुख्य धोका |
|---|---|---|
| लिमिट ऑर्डर | फी + जीएसटी, उघड | कंपनीच अडचणीत येणं |
| झटपट खरेदी | भावातला फरक | तोच, शिवाय महाग |
| पी-टू-पी | डॉलरवर चढवलेला दर | बँक खातं गोठणं |

पी-टू-पी स्वस्त दिसतं, पण खातं कोणतं ते बघा

पी-टू-पीत बहुधा यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं मिळतं. विक्रेत्याचं नाणं प्लॅटफॉर्म अडकवून ठेवतो, तुम्ही यूपीआय किंवा आयएमपीएसनं पैसे टाकता, त्यानं होकार दिला की नाणं सुटतं. खरेदीपुरतं हे बऱ्यापैकी चालतं. घोळ होतो विकताना. समोरून आलेले पैसे दुसऱ्या कुणाला फसवून आणलेले असले, आणि त्या फसलेल्या माणसानं 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर पैसा ज्या-ज्या खात्यांतून गेला ती खाती सायबर पोलिस गोठवायला लावतात. तक्रार बहुतेक वेळा परराज्यातली असते. कधी फक्त वादातली रक्कम अडते, कधी अख्खं खातं.

आता ते खातं कोणतं याचा विचार करा. खेड्यात बहुतेकांचं कामाचं खातं एकच. पीएम किसानचा 2,000 चा हप्ता त्यात, नमो शेतकरीचा त्यात, कापसा-सोयाबीनचा चुकारा त्यात, पीककर्जही तिथंच. पाच हजारांच्या यूएसडीटीपायी ते गोठलं तर ऐन पेरणीत चुकारा असून हात रिकामे. शहरातल्या नोकरदाराला दुसरं-तिसरं खातं असतं. इथला माणूस मात्र पुढचे काही महिने बँक आणि पोलिस ठाण्याच्या चकरा मारतो. त्यामुळे वाट कोणतीही निवडा, क्रिप्टोसाठी वेगळं बचत खातं उघडा, आणि ते आधारशी जोडलेलं अनुदानाचं खातं होणार नाही याची बँकेत खात्री करून घ्या. नवं खातं उघडताना अनुदान जोडण्याच्या रकान्यावर नकळत टिक होते आणि हप्ता तिकडे वळतो.

खातं गोठलंच तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या पोलिस ठाण्याचा आदेश, तक्रारीचा क्रमांक, अडकवलेली रक्कम. मग सौद्याचा ऑर्डर क्रमांक, चॅट आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव यांच्या प्रती त्या ठाण्याला पाठवायच्या. ॲप बंद पडलं की चॅट जातं, म्हणून प्रत्येक सौद्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावा. खात्याचं नाव आणि प्लॅटफॉर्मवरचं नाव वेगळं दिसलं तर सौदा तिथंच रद्द करावा, 'भावाचं खातं आहे' हे ऐकू नये.

परदेशी एक्स्चेंजमध्ये रुपये टाकायला बहुधा हीच पी-टू-पीची वाट उरते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागानं म्हणजे एफआययूनं नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांची ॲप भारतात बंद झाली. बायनान्सनं 2024 मध्ये दंड भरून नोंदणी केली. नोंदणी नसलेल्या जागी पैसे अडकले तर दाद मागायला इथं कुणी नाही.

भारतीय एक्स्चेंज: कमी वाईट, पण बँक नव्हे

कॉइनडीसीएक्स, कॉइनस्विच, झेबपे, मुद्रेक्स ही एफआययूकडे नोंदलेली नावं. मार्च 2023 पासून या कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. पण त्या नोंदणीचा अर्थ एवढाच की ओळख तपासणं आणि संशयित व्यवहार कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, इथं तो नाही. सेबी किंवा रिझर्व्ह बँक तुमच्या नाण्यांची हमी घेत नाही.

फरक बघायचा तर दोन चोऱ्या शेजारी ठेवा. 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या ज्या वॉलेटमध्ये म्हणजे डिजिटल तिजोरीत ग्राहकांची नाणी होती तेच फुटलं, सुमारे 23 कोटी डॉलर गेले, आणि लोकांची नाणी वर्षाहून जास्त काळ अडकली. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर 2025 मध्ये. 19 जुलै 2025 ला कॉइनडीसीएक्सचे साडेचार कोटी डॉलरच्या आसपास गेले, पण ते कंपनीच्या कामकाजाच्या खात्यातले होते आणि भरपाई कंपनीनं स्वतःच्या तिजोरीतून केली. बाहेरून ॲप बघून हा फरक कळत नाही. म्हणून सगळी रक्कम एकाच ॲपमध्ये ठेवू नये, आणि नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढता येतात का हे आधी तपासावं. काही ॲप ते करूच देत नाहीत.

खातं उघडताना अडतं ते नावाशी. आपल्याकडे पासबुकावर 'पांडुरंगजी', आधारवर 'पांडुरंग', पॅनवर आडनाव आधी, असा प्रकार घरोघरी. एक्स्चेंज खात्यावर एक रुपया टाकून बँकेतलं नाव पॅनशी जुळवतं. 'जी' किंवा 'राव' जास्तीचा असला तरी नाकारलं जाऊ शकतं. आधी बँकेत नाव पॅनप्रमाणे करून घ्या. पॅन-आधार जोडणी आणि आधारला चालू मोबाइल नंबर हेही आधीच. पतसंस्थेचं खातं चालत नाही, जिल्हा सहकारी बँकेच्या खात्याला आयएमपीएस आहे का ते विचारावं लागतं. पैसे फक्त स्वतःच्या नावाच्या खात्यातून टाका, मुलाच्या फोन-पेवरून टाकलेले परत येईपर्यंत आठवडा जाऊ शकतो.

लॉगिनसाठी एसएमएसच्या ओटीपीवर विसंबू नका. टॉवर गेला की ओटीपी येत नाही. ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड नेटवर्क नसतानाही फोनवरच तयार होतो. ते जोडताना दिसणारी बॅकअप की वहीत उतरवून ठेवा, नाहीतर फोन हरवला की खात्याचं दार बंद.

मोठी रक्कम टाकण्याआधी एक फेरी पूर्ण करा: 500 रुपये टाका, नाणं घ्या, विका, पैसे बँकेत परत आणा. आत घेताना सगळीच ॲप गोड असतात, परत देताना कळतं.

स्वतःच्या वॉलेटमध्ये कधी

नाणं बाहेर काढायची फी बहुधा ठरावीक असते, रकमेच्या टक्क्यांत नाही. पाच हजारांच्या बिटकॉइनला ती जड पडते, लाखाला जाणवत नाही. हार्डवेअर वॉलेटलाही (वॉलेटची चावी ठेवायच्या छोट्या यंत्रालाही) काही हजार लागतात. लाखाच्या आत याच्या फंदात पडण्यात अर्थ नाही, असं आमचं मत. पाठवायचंच तर नेटवर्क, म्हणजे नाणं ज्यावरून जातं ती ट्रॉन किंवा इथेरियमसारखी साखळी, दोन्हीकडे जुळवा. ट्रॉनवरचा यूएसडीटीचा पत्ता 'टी' या इंग्रजी अक्षरानं सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सनं. चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेलं नाणं परत आणणं बहुतेकांच्या हातचं नसतं. आधी थोडं पाठवून बघा, पत्त्याची पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं डोळ्यांनी ताडा.

वॉलेट देतं ते 12 किंवा 24 इंग्रजी शब्द हीच त्याची चावी. ते कागदावर, क्रमानं. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही. कागदाला ओल आणि वाळवी लागते, तेव्हा स्टीलच्या डब्यात, दोन वेगळ्या घरी. ते कुठे आहेत हे घरातल्या एकाला माहीत हवं. इथं वारस नोंदणीचा फॉर्म नसतो.

कर: शेतीवाल्यानं हे धरूनच चालावं

शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं. क्रिप्टोच्या नफ्याला ती सवलत नाही. एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत असलं तरी नफ्याच्या पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर. दहा हजारांचं तेरा हजारांना विकलं तर 3,000 वर 900 आणि 36, म्हणजे 936. त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात 3,000 गेले तरी 936 भरायचेच, तोटा वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. एक्स्चेंज विक्रीच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापतं, इथं 130. तो करात वळता होतो. कर निघतच नसेल तर परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच. बिटकॉइन देऊन यूएसडीटी घेतलं तरी ती विक्रीच धरतात.

सोपा 'सहज' फॉर्म इथं चालत नाही, आयटीआर-2 किंवा 3 लागतो आणि त्यात प्रत्येक विक्रीची घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, दोन्ही किमती भराव्या लागतात. आठवड्याला शंभर रुपयांचं घ्यायची सवय लावली, तर सगळं विकताना घेतल्याच्या वेगवेगळ्या तारखांमुळे वर्षाच्या 52 नोंदी होऊ शकतात. पोर्टलवर रिटर्न स्वतः भरणं फुकट आहे. तालुक्याच्या कर सल्लागाराकडे जायचं असेल तर त्याची फी आधी विचारा, कारण दहा हजारांच्या खरेदीत ती एक्स्चेंजच्या फीपेक्षा कितीतरी जास्त निघते.