आयोवाची एमएफए : दोन वर्षं घालवून हाती काय लागतं?

सर्जनशील लेखनात पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स), म्हटलं की अजूनही पहिलं नाव निघतं ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या रायटर्स वर्कशॉपचं. १९३६ सालची ही संस्था. ललित गद्य आणि कविता अशा दोन शाखा, दरवर्षी प्रत्येकीत साधारण पंचवीस जण, दोन वर्षांचा मुक्काम आणि शेवटी प्रबंधाच्या जागी स्वतःचं हस्तलिखित. ‘तिथे लिहायला शिकवतात का?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. शिकवतात, पण बेताचंच. खरं मोल आहे ते मोकळ्या वेळाचं आणि लिहिलेलं बारकाईने वाचणाऱ्या दहा-बारा जणांचं. म्हणून अभ्यासक्रमाची यादी वाचत बसू नका, फी माफी आणि विद्यावेतन किती ते सांगणारं पत्र आधी वाचा.

वर्कशॉपचा तास चालतो असा : कथा काही दिवस आधी सगळ्यांना जाते. प्रत्येक जण समासात खुणा करतो आणि पानभर अभिप्राय लिहून आणतो. एका बैठकीत दोन-तीन जणांचं लेखन होतं. जुन्या पद्धतीत चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. आता काही शिक्षक लेखकालाच आधी प्रश्न मांडू देतात, आणि ते बरंच आहे. नाहीतर दहा जण मिळून भलतीच कथा दुरुस्त करत बसतात.

ही पद्धत वीसेक पानांच्या कथेला बेतून शिवल्यासारखी बसते, कादंबरीला मात्र काचते. सातवं प्रकरण वाचणाऱ्यांनी पहिलं तीन महिन्यांपूर्वी वाचलेलं असतं, त्यामुळे चर्चा वाक्यांवर आणि संवादांवरच अडकते. बांधणीबद्दल कुणी बोलत नाही. उपाय सोपा : आधीच्या भागाचा अर्ध्या पानाचा सारांश जोडायचा आणि एकाच गोष्टीवर मत मागायचं.

मराठी घरातल्या कथेचा आणखी एक घोळ होतो. ‘सासूने तिची ओटी भरली’ या वाक्यापाशी वर्ग अडतो. लेखक घाबरून खण, नारळ, तांदूळ असं सगळं समजावणाऱ्या तीन ओळी घालतो आणि प्रसंग जागच्या जागी मरतो. कोण कुणाशी बोलतंय हे नऊ जणांना कळलं नसेल तर मुकाट्याने दुरुस्त करावं. ओटी कळली नसेल तर तशीच राहू द्यावी. सासूचे हात आणि सुनेचा चेहरा नीट लिहिला असेल तर परका वाचकही पुढे जातो.

लेखन इंग्रजीतच करावं लागतं, हे मात्र आधी पक्कं समजून घ्या. मराठीतून लिहिणाऱ्याला किंवा मराठीतून अनुवाद करणाऱ्याला त्याच विद्यापीठाची साहित्यिक अनुवादाची एमएफए जास्त कामाची. दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात आयोवाला गेले होते ते इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये. तो १९६७ साली सुरू झालेला, आधीच नाव झालेल्या लेखकांसाठीचा निवासी कार्यक्रम आहे. तिथे पदवी मिळत नाही. हा कार्यक्रम आणि रायटर्स वर्कशॉप यांची गल्लत सर्रास होते.

अर्ज डिसेंबरच्या मध्यापर्यंत जातो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागत नाही. सोबत स्वतःच्या लेखनाचा नमुना द्यायचा : ललित गद्यासाठी डबल स्पेसमध्ये ३० ते ८० पानं, कवितेसाठी १० ते २०. मर्यादा ८० आहे म्हणून ८० पाठवणं ही नेहमीची चूक. शेकडो अर्ज वाचणारा माणूस पहिल्या चार-पाच पानांतच कौल देऊन मोकळा होतो. घासूनपुसून घेतलेल्या दोन कथा, मिळून चाळीसेक पानं, त्यातली सरस आधी. कादंबरीचा भाग असेल तर तो पहिल्या पानापासूनच द्यावा. शिफारसपत्र बड्या नावाकडून घेण्यापेक्षा तुमचे खर्डे वाचलेल्या माणसाकडून घ्यावं. अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निवेदनातून ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ काढून टाका, सगळ्यांनाच असते.

आता पैसे. प्रवेशपत्र आलं की विचारायचं : ट्यूशन फी पूर्ण माफ आहे की अर्धी? विद्यापीठाची इतर शुल्कं आणि आरोग्य विमा कोण भरणार? स्टायपेंड (विद्यावेतन) नऊ महिन्यांचा की बारा? दुसऱ्या वर्षाची हमी लेखी आहे का? बदल्यात सत्राला किती वर्ग शिकवायचे? वीस मुलांचे चार-चार निबंध तपासायचे म्हणजे ऐंशी निबंध, आणि ते तपासण्याचा वेळ तुमच्या लिहिण्यातूनच जातो. सत्र चालू असताना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेव्हा तूट नोकरीने भरून काढू असं गृहीत धरू नका. न्यूयॉर्कमधल्या महागड्या खासगी अभ्यासक्रमांसाठी तारण ठेवून कर्ज काढणं हा सरळ आतबट्ट्याचा व्यवहार. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या मिचनर सेंटरसारखी तीन वर्षांचा खर्च उचलणारी ठिकाणं आहेत, पण जागा मोजक्याच. बहुतांश घरबसल्या करायच्या आणि अधूनमधून थोडेच दिवस कॅम्पसवर जायच्या लो-रेसिडेन्सी एमएफएवर विद्यार्थी व्हिसा सहसा मिळत नाही.

पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयातलं काम करण्याच्या परवानगीचं, एकच वर्ष मिळतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना मिळणारी वाढीव मुदत इथे नाही. अमेरिकेत एमएफए ही या विषयातली अंतिम पदवी मानली जाते, तरी पुस्तक छापून आल्याशिवाय पक्की प्राध्यापकी मिळणं अवघडच.

उत्तर कळवायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. एका ठिकाणी फंडिंग मिळालं आणि दुसरीकडे प्रतीक्षायादीत नाव असलं, तर त्या दुसऱ्या विद्यापीठाला ईमेलने तसं कळवून ठेवावं. त्या शेवटच्या आठवड्यात जागा भराभर रिकाम्या होतात.