फ्यूड लिहावं की डिस्प्यूट?

लांबलेल्या वादाबद्दल इंग्रजीत लिहिताना हात आपसूक 'फ्यूड'कडे जातो. शब्द आटोपशीर आहे, मथळ्यात चपखल बसतो. पण वाद किती वर्षं चालला यावर हा शब्द ठरत नाही. त्यात वैर आहे का, हे बघावं लागतं.

पेड्रा ब्रांका या बेटावरून सिंगापूर आणि मलेशिया १९८० पासून भांडत होते आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आला २००८ मध्ये. अठ्ठावीस वर्षं! तरी तो डिस्प्यूटच. प्रश्न मालकीचा होता, दावे कागदावर होते, निकाल लावायला न्यायालय होतं. उलट जर्मनीतले अडॉल्फ आणि रुडॉल्फ डासलर हे सख्खे भाऊ बघा. एकत्र बूट बनवणारे हे दोघे १९४८ मध्ये वेगळे झाले. एकाची आदिदास, दुसऱ्याची प्यूमा, आणि दोघांपायी अख्ख्या गावात दुफळी पडली. याला डिस्प्यूट म्हटलं तर वाक्य अगदी मिळमिळीत होतं. आपण ज्याला भाऊबंदकी किंवा हाडवैर म्हणतो, तो हा फ्यूड.

डूख एकानेच धरला असेल आणि तो सूड घ्यायला टपला असेल, तर 'व्हेंडेटा' जास्त नेमका. फ्यूडला मात्र दोन्हीकडून वार लागतात. चार दिवसांच्या खडाजंगीला 'राव' (row) पुरे.

शब्द ठरला तरी वाक्यात घसरायला होतं. आपल्या डोक्यात 'विरुद्ध' असतं, म्हणून आपण 'फ्यूड अगेन्स्ट' लिहून मोकळे होतो. ते खटकतं. ज्याच्याशी वैर त्याच्याआधी 'विथ', ज्या कारणावरून वैर त्याच्याआधी 'ओव्हर'. क्रियापद म्हणून वापरताना फरक आणखी ठळक होतो: 'डिस्प्यूट द बिल' चालतं, म्हणजे बिल मान्य नाही, 'फ्यूड द बिल' असं कुणी लिहीत नाही. फ्यूड माणसांशीच होतो.

स्पेलिंगमध्ये आधी ई, मग यू. ही अदलाबदल मीही कित्येकांच्या मजकुरात दुरुस्त केली आहे, कारण उच्चारावरून ती कळत नाही. आणि सरंजामशाहीच्या 'फ्यूडल'शी या शब्दाचं नातं जोडू नका. ते अक्षरांचं साम्य आहे. याचं मूळ जुळतं ते शत्रू या अर्थाच्या 'फो'शी.