फुकटचं विम एक्स्टेन्शन १,४९९ ला घेतलं, अन् वरून चाव्यांचा जुडगाही देऊन बसलो

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमचं गाव. घरूनच सॉफ्टवेअरची बारीकसारीक कामं करतो, सध्या एका कृषी केंद्राचं बिलिंगचं ॲप करून राहिलो, बियाणं, खतं, फवारणीची औषधं, उधारीचं खातं, सगळं त्यात. मालकाची अट एकच, स्क्रीनवर सगळं मराठीत पाहिजे. अन् तिथंच माझं गाडं अडलं.

मी व्हीएस कोडमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, विम नावाच्या जुन्या एडिटरच्या पद्धतीनं काम करतो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, विममध्ये एका मोडात टाइप होतं अन् दुसऱ्या मोडात तीच अक्षरं हुकूम बनतात, जे दाबलं की खाली, के दाबलं की वर, डी दोनदा दाबलं की अख्खी ओळ साफ. हाताला वळण लागलं की माऊस आठवत नाही. पण इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर "युरिया" लिहिलं, हुकुमाच्या मोडात यायला एस्केप दाबलं अन् खाली जायला जे दाबलं तर जातं र, अन् विमला र म्हणजे काय ते कळत नाही, कर्सर जागचा हलत नाही. मग कीबोर्ड इंग्रजी करा, खाली जा, परत मराठी करा, "सुपर फॉस्फेट" लिहा, परत इंग्रजी करा. दिवसभर हेच. डोकं आऊट झालं होतं माझं.

असं एका ग्रुपवर विचारलं तर एकाचा मेसेज आला की विम प्रो नावाचं एक्स्टेन्शन (व्हीएस कोडला जोडायची पुरवणी) आहे, मराठी कीबोर्ड आपोआप बदलतं, लाइफटाईम १,४९९ रुपये. व्हिडिओ कॉल लावला त्यानं. चेहरा दाखवला नाही, स्क्रीन दाखवली, अन् खरंच, एस्केप दाबलं की खालच्या पट्टीतलं मराठी जाऊन इंग्रजी येऊन राहिलं होतं. मी म्हटलं जरा महाग आहे, तर तो म्हणे, "भाऊ, मी आर्णीकडचाच हाव, आपल्याच पोराले फसवीन काय मी? चुकारा आला नसन तं पुढच्या आठवड्यात टाका पैसे." झालं. चुकारा शब्द ऐकला अन् मी पाघळलो, कापसाच्या पैशाला चुकारा म्हणतात हे ठावं असलेला माणूस आपलाच असणार असं वाटलं. पैसे त्याच दिवशी टाकले, बाबांनी कापूस विकून ठेवलेल्यातून घेतले होते, ते अजून टोचते.

त्यानं मार्केटप्लेसची, म्हणजे एक्स्टेन्शनच्या अधिकृत दुकानाची, लिंक दिलीच नाही, एक व्हीएसआयएक्स फाईल पाठवली, तिच्यात एक्स्टेन्शन बांधून असते. गावात नेट कसं असतं तुम्हाला माहीतच आहे, मला उलट बरंच वाटलं की फाईल हातात आली. एक्स्टेन्शनच्या पानावर वरचे तीन टिंब, इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स, संपला विषय. मधात विंडोजच्या अँटीव्हायरसनं, डिफेंडरनं, लाल खिडकी दाखवली होती, मी त्याला स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणे ते लायसनच्या कोडामुळे होते, फोल्डर एक्सक्लूजनमध्ये (डिफेंडरनं तपासू नये त्या यादीत) टाका. टाकलं. घरचं कुत्रं भुकून राहिलं अन् मीच त्याला गोठ्यात बांधलं.

चाललं मस्त, हे पण सांगतो. नऊ दिवस मी खुशीत होतो. दहाव्या दिवशी सकाळी मेल, क्लाउडचं, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचं, बिल ६१ हजार. माझं महिन्याचं ४०० च्या वर कधी गेलं नव्हतं. उघडून पाहिलं तर कुठं ब्राझील, कुठं जपान, जिथं मी कधी काही लावलंच नाही तिथं मोठमोठे सर्व्हर रात्रभर चालू, कोणीतरी माझ्या चावीवर (क्लाउडच्या खात्यात शिरायच्या गुप्त कोडावर) क्रिप्टो खणून राहिलं होतं. कार्डातून पैसे कटले नाही ते एवढ्याचसाठी की १५ हजारांच्या वरच्या ऑटो-डेबिटला ओटीपी लागते. पण बिल तर नावावर लागलंच.

चावी गेली कुठून हे शोधायला दोन रात्री लागल्या. व्हीएसआयएक्स म्हणजे साधी झिप असते, शेवटचं नाव बदलून झिप केलं की उघडते. आत पाहिलं तर मार्केटप्लेसवर फुकट मिळणारं विमचं एक्स्टेन्शन जसंच्या तसं, चित्र बदललेलं, नाव बदललेलं, पण लायसनची फाईल काढायची राहून गेली होती, त्यात मूळवाल्यांचंच एमआयटी लायसन, कोणीही फुकट वापरावं असं. अन् मुख्य फाईलच्या एकदम शेवटी एकच लांबलचक ओळ, उजवीकडं सरकवत बसलो तरी संपेना. ती ओळ माझ्या होम फोल्डरमधली क्लाउडची चावी उचलत होती, प्रोजेक्टमधली पासवर्डची फाईल उचलत होती अन् बाहेर पाठवत होती. मी समजत होतो एक्स्टेन्शन म्हणजे एडिटरपुरतं काही असते. तसं नाही हो. व्हीएस कोडला जे करता येते ते सगळं एक्स्टेन्शनला करता येते, तुमच्या फाईली वाचणं, दुसरा प्रोग्राम चालवणं, नेटवर पाठवणं. अनोळखी फोल्डर उघडताना तो विचारतो नं भरवसा आहे काय म्हणून, तिथं नाही म्हटलं तरी अशा चोर एक्स्टेन्शनपासून वाचत नाही.

अन् जे मी विकत घेतलं ते? कीबोर्ड बदलायची सोय त्या फुकटच्या एक्स्टेन्शनमध्येच आहे! सेटिंगमध्ये ऑटो स्विच इनपुट मेथड चालू करायचं, आयएम-सिलेक्ट नावाचा छोटासा फुकट प्रोग्राम लागतो, त्याचा पत्ता द्यायचा, अन् इंग्रजीचा नंबर १०३३ टाकायचा. मराठीचा ११०२ असतो, तो त्याचा तोच लक्षात ठेवतो. पाच मिनिटाचं काम. बरं, मूळ विम ब्रॅम मूलनार यांनी १९९१ मध्ये लोकांना दिला, पैसे नाही मागितले, जमलं तर युगांडातल्या लेकरांना मदत करा एवढंच त्यात लिहून आहे, अन् त्या नावावर हा बुवा १,४९९ घेऊन राहिला.

चाव्या सगळ्या बदलल्या, मशीन पुसून विंडोज नव्यानं टाकलं, कृषी केंद्राच्या मालकाला जाऊन तोंडानं सांगितलं (ते सगळ्यात जड गेलं, पण काका चहा पाजून म्हणाले, "पासवर्ड बदलला नं, मंग बस झालं"). १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. तिथं पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? दहा-बारा दिवस म्हटल्यावर पलीकडचा माणूस जरासा थांबला. लगेच केला असता तर समोरचं खातं गोठवता येते, आता ते रिकामं झालं असन. क्लाउडवाल्यांनी सगळे पुरावे पाहून बरंच बिल माफ केलं, ११ हजार भरावे लागले.

परवा दिग्रसच्या एका पोट्ट्याचा मेसेज आला, दादा हे घेऊ काय म्हणून. तेच चित्र, तोच व्हिडिओ, नाव बदलून विम मराठी, किंमत ९९९. मी लगेच फोन लावला तर तो म्हणे, "दादा, पैसे तं कालच टाकले, फाईलबी टाकली." मी म्हटलं आधी नेट बंद कर, मंग १९३० लाव, अन् लॅपटॉप घेऊन पहिल्या एसटीनं इकडं ये.