घर बदललं, मशीन अडलं आणि चांगलं कार्ड पळवलं गेलं

कर्वेनगरहून रावेतला राहायला आलो आणि आल्या आल्या वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीपायी आमच्याकडून 6,200 रुपये उकळले गेले. वर मशीनचं धडधाकट कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड (पीसीबी), दुरुस्तीला आलेला माणूस घेऊन गेला. मला जास्त राग त्याचाच आहे. सामान हलवलं की कुणाच्याही घरी हे होऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं मशीन फ्रंटलोड. जुन्या घरी आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित चालत होतं. नव्या घरी पाणी आत जाताना ऐकू येई, पण धुणं काही सुरू होईना. बऱ्याच वेळाने पाणी भरत नसल्याचा एरर यायचा. नळाला धार तर चांगली होती. इंटरनेटवर कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सर्वात वर आलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडून कंपनीच्याच नावाने उत्तर आलं. तो नंबर कंपनीचा नव्हता, हे नंतर वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर विचारलं तेव्हा कळलं.

आलेल्या माणसाने नळ पाहिला नाही, नळी पाहिली नाही. वरचं झाकण काढलं, दोन-तीन ठिकाणी मीटर टेकवला आणि म्हणाला, "ताई, कार्ड गेलंय. शिफ्टिंगमध्ये झटका बसला की जातंच. कंपनीत अकरा हजार घेतील, मी ओरिजिनल बसवून देतो." कार्ड बदलल्यावर त्याने मशीन चालू करून दाखवलं, पण नुसतं स्पिनवर. ड्रम गरागरा फिरला. स्पिनला पाणी भरावंच लागत नाही, त्यामुळे मूळ दोष त्यात दिसणारच नव्हता. जुनं कार्ड कंपनीत जमा करावं लागतं म्हणून पिशवीत टाकलं, पैसे एका खासगी व्यक्तीच्या नावावर यूपीआयने घेतले आणि बिल म्हणून शिक्का नसलेला कागद दिला.

पुढचं धुणं लावलं तर पुन्हा तोच एरर. त्याचा फोन बंद.

खरा दोष माझ्या दिरांनी शोधला. मशीन पाणी भरत असतानाच मोरीच्या जाळीतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. पॅकर्सच्या मुलांनी सांडपाण्याची नळी सरळ जमिनीवरच्या जाळीत सोडली होती. बऱ्याच टॉपलोड मशीनची नळी तशीच खाली टाकतात. फ्रंटलोडला मात्र पाणी वर फेकणारा पंप असतो आणि नळीचं तोंड जमिनीपासून साधारण दोन ते तीन फूट उंच ठेवावं लागतं. ते खाली राहिलं की भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं. आत पातळी चढतच नाही आणि मशीन पाणी नाही म्हणत थांबतं. नळी उंच बांधली, त्याच दिवशी चादरी धुऊन निघाल्या.

मग प्लग काढून ते "ओरिजिनल" कार्ड पाहिलं. ओल लागू नये म्हणून कार्डावर पारदर्शक थर ओतलेला असतो. तो एका कोपऱ्यात चाकूने खरवडलेला होता, खाली सोल्डरिंगचे काळे डाग होते आणि स्टिकरवरचा नंबर मार्करने खोडलेला होता. कुणाच्या तरी मशीनमधून काढलेलं, दुरुस्त केलेलं कार्ड. आमचं चांगलं कार्ड आता असंच कुणाला तरी विकलं जाणार.

तुम्ही घर बदलणार असाल तर फ्रंटलोडचा ड्रम मागून बोल्टने आवळूनच मशीन हलवायला लावा आणि नव्या घरी ते बोल्ट आठवणीने काढा. राहून गेले तर मशीन स्पिनला थडथड उड्या मारतं आणि अशी माणसं "शॉकअप गेले", म्हणजे ड्रमचे हादरे झेलणारे दांडे खराब झाले, म्हणून बिल फाडतात. पाणी कमी येत असेल तर नळ बंद करून मागची पाण्याची नळी सोडवा. तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते. टँकर-बोअरच्या पाण्याने तिच्यावर क्षार बसतात, जुन्या ब्रशने घासली की काम होतं. पाणी बाहेर जात नसेल तर खालच्या झाकणामागचा फिल्टर उघडा, पण आधी परात ठेवा आणि पाणी गरम नाही ना ते बघा. नाणी, पिना तिथेच अडकतात.

तरी माणूस बोलवावाच लागला तर नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनवरच्या स्टिकरवरचा घ्या. त्याच्याकडून आपले कपडे घालून पूर्ण वॉश चालवून घ्या, नुसत्या स्पिनवर पैसे देऊ नका. काढलेला पार्ट घरातच ठेवून घ्या. कंपनीचा माणूस तो नेणार असेल तर तशी नोंद बिलावर हवी. फोनवर कुणी बुकिंगसाठी लिंक पाठवली किंवा एखादं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 ला, कळवा.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे आणि पोलिसांकडे अर्ज दिला आहे. सोबत यूपीआयचा व्यवहार, तो कागद आणि खरवडलेल्या कार्डाचे फोटो जोडलेत. याच पद्धतीने तुमचंही कार्ड कुणी नेलं असेल तर तुम्हीही तक्रार करा.