अलास्काची फेरी आणि भाड्याची कॅम्पर गाडी

जूनो ही अलास्काची राजधानी असूनही तिथे बाहेरून एकही रस्ता पोहोचत नाही, आणि केचिकन, रँगल, सिटका या किनारी गावांचीही तीच गत आहे; त्यामुळे १९६३ पासून चालणारी ‘अलास्का मरीन हायवे’ ही माणसे आणि गाड्या वाहून नेणाऱ्या बोटींची राज्य सरकारची फेरीसेवा नावाप्रमाणेच महामार्गाचे काम करते. हेन्स ते स्कॅग्वे या दोन गावांमधले अंतर रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक भरते, फेरीने मात्र तासाभरात कापले जाते.

या सेवेबद्दल माझे मत उत्तम आहे. प्रवासात गाड्यांचा मजला बंद ठेवतात, त्यामुळे कॅम्परमधल्या, म्हणजे झोपायची सोय असलेल्या गाडीतल्या, बिछान्यावर पैसे मोजूनही त्यावर झोपता येत नाही. केबिन न घेतलेले प्रवासी वरच्या उघड्या डेकवर चिकटपट्टीने तंबू चिकटवतात. रात्रभर ती पट्टी वाऱ्याने फडफडत होती, पण निघाली नाही.

तक्रार आहे ती गाडी भाड्याने देणाऱ्याविषयी. फेरीचे भाडे गाडीच्या लांबीवर ठरते आणि त्याने दिलेल्या कागदावरची लांबी मागचा सायकल-स्टँड सोडून लिहिलेली होती. धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याने शांतपणे टेप लावून मोजले, आणि दीड फुटाचा फरक माझ्याच खिशातून गेला. गाडीतला पाण्याचा पंपही दुसऱ्याच दिवशी बंद पडला. फेरीचे आरक्षण करण्यापूर्वी गाडी स्वतः मोजावी, तीही स्टँडसकट.