देखणी पण अपुरी, की पुरी पण लांबलचक?

एपिक फँटसीत, म्हणजे कल्पित जगांतल्या जादूच्या भव्य कादंबऱ्यांत, पहिल्यांदाच शिरताय आणि 'द नेम ऑफ द विंड' घ्यावं की 'द आय ऑफ द वर्ल्ड' या पेचात आहात? मग कोणतं सरस हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी हे ठरवा: गोष्ट अर्ध्यावर सुटलेली चालेल, की मधेच कंटाळा आलेला चालेल? दोहोंपैकी एक सोसावंच लागणार.

पॅट्रिक रॉथफसचं 'द नेम ऑफ द विंड' २००७चं. नाव बदलून सराई चालवणारा क्वोथ आपली कहाणी एका बखरकाराला तीन दिवसांत सांगणार, एका दिवसाचं एक पुस्तक, असा बेत. दुसरा दिवस, 'द वाइज मॅन्स फिअर', २०११ मध्ये आला. तिसरा अजून उजाडलेला नाही.

तरीही हे पुस्तक वाचू नका असं माझ्याच्यानं म्हणवत नाही. त्यातल्या 'सिम्पथी' नावाच्या जादूला चोख हिशेब आहे. दोन वस्तूंमध्ये दुवा बांधायचा आणि एकीची ऊर्जा दुसरीत पोचवायची. दुवा कच्चा असला तर बरीच ऊर्जा वाया जाते, आणि बाहेरून मिळाली नाही तर स्वतःच्या अंगातली ऊब खर्ची पडते. क्वोथ जिथं जादू शिकतो त्या विद्यापीठाच्या फीचंही तेच. दर सत्राला तोंडी परीक्षा, त्यावरून फी ठरणार, आणि क्वोथच्या खिशात दमडी नाही. मग तो कर्ज काढतो, तारण म्हणून स्वतःचं रक्त देऊन! शेवटाकडे एक अजस्र प्राणीही येतो, पण माझी धाकधूक फीच्या प्रसंगांतच जास्त झाली.

चिडचिड होते ती खुद्द क्वोथमुळे. अडनिड्या वयात विद्यापीठात, ल्यूट हे तंतुवाद्य वाजवण्यात तरबेज, वर हजरजबाबी. गोष्ट तोच सांगतोय, तेव्हा थोडी फुशारकी असणारच, असा चाहत्यांचा बचाव असतो. असेल, पण सहाशेहून जास्त पानं ती ऐकायची आपल्यालाच. त्याचं मन जिच्यावर जडलंय ती डेना तर दर वेळी उगवते, मावळते आणि कथानक तिथंच राहतं.

रॉबर्ट जॉर्डनचं 'द आय ऑफ द वर्ल्ड' (१९९०), 'द व्हील ऑफ टाइम' मालिकेचा पहिला खंड, गद्याच्या बाबतीत रॉथफसच्या पासंगालाही पुरत नाही. सुरुवातीची पानं तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची उसनवारीच वाटतात: आडबाजूचं खेडं, काळा घोडेस्वार, अचानक आलेली गूढ पाहुणी. पण पुढे जग पसरत जातं. काळ चक्रासारखा फिरतो, युगं जातात आणि परत येतात, माणसं पुन्हा जन्म घेतात. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि पेच अस्सल आहे: जादूचा पुरुषांच्या वाट्याचा भाग विटाळलेला आहे, तो वापरणारा शेवटी वेडा होतो, आणि जग वाचवायचं ते रँड नावाच्या पोरानं, तीच शक्ती वापरून.

मुख्य मालिका १४ खंडांची. जॉर्डन २००७ मध्ये गेले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ मध्ये गोष्ट खरोखर संपली. टीव्ही मालिकेच्या भरवशावर मात्र राहू नका, ती तीन सीझननंतर बंद पडली.

भाषेसाठी वाचत असाल तर रॉथफस घ्या, शेवटाची आशा न धरता. मी मात्र पैसे जॉर्डनवर लावीन. पहिल्या खंडात मन रमलं नाही तर तिथंच थांबा. त्यालाही शेवट आहे. रमलं, तर सातव्यापासून वेग मंदावेल, रँडच्या गावची नायनीव्ह वेणीला हिसके देत राहील. दहाव्या खंडाचा बराच भाग, नवव्याच्या शेवटी जे घडलं तेव्हा बाकीचे कुठे काय करत होते, यातच जातो. तो चक्क सारांशावर भागवा. अकरावा, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', मात्र एकही पान न गाळता वाचा. जॉर्डननी स्वतः पूर्ण केलेला तो मालिकेतला शेवटचा खंड, आणि त्यात गाडी पुन्हा सुसाट सुटते.