परसदार राखताना : ब्रश कटरचा नऊ महिन्यांचा अनुभव

त्र्यंबकेश्वर तालुक्यात आमच्या घरामागे दहा गुंठ्यांचे परस असून, बांध ओलांडला की जंगल सुरू होते. तीन पावसाळे हात न लागल्याने घाणेरी विहिरीच्या कठड्याला भिडली, टाकळा कमरेएवढा माजला आणि घोणस निघाल्यापासून आईने मागे जाणेच सोडले. म्हणून गेल्या जूनमध्ये ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर (टोकाला फिरणाऱ्या दोरीने किंवा पात्याने गवत-झुडपे कापणारे यंत्र) घेतला.

गवत आणि टाकळ्यासाठी नायलॉनची दोरी उत्तम चालते. पण टाकळा शेंगा धरण्याआधीच कापावा, नाहीतर बी पडून पुढच्या वर्षाची बेगमी होते. घाणेरीला तीन दात्यांचे पाते लावले. अंगठ्याएवढे खोड ते सहज कापते. त्याहून जाड खोडाला पाते झटका देते, तिथे कोयताच बरा. गमबूट आणि चष्मा न घालता यंत्र सुरू करू नये, कारण आमच्या मुरमाड जमिनीत खडे गोळीसारखे उडतात.

खरी अडचण पुढे आली. जुलैत जमिनीलगत कापलेली घाणेरी पोळ्यापर्यंत गुडघाभर वाढली होती आणि एकेका खुंटाला पाच-सहा फुटवे होते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने विकसित केलेली पद्धत मग वापरली : यंत्राने वाट मोकळी करायची, कुदळीने जमिनीखाली दोन बोटांवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप मुळे वर करून वाळू द्यायचे. अशी काढलेली झुडपे पुन्हा फुटली नाहीत. पाला मात्र गुरांपुढे टाकू नये, तो त्यांना विषारी असतो. एका जाळीत बुलबुलाच्या घरट्यात तीन तांबूस ठिपक्यांची अंडी दिसली, तेव्हा पिल्ले उडेपर्यंत ती जाळी तशीच ठेवली.

बांधावरच्या सागाला पाते लावले नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात तो अनुसूचित वृक्ष असल्याने स्वतःच्या जमिनीतलाही साग परवानगीशिवाय तोडता येत नाही.

पुस्तिकेप्रमाणे लिटरभर पेट्रोलला ४० मिलि ऑइल घालतो. दिवाळीत महिनाभर टाकीत इंधन राहिले आणि कार्ब्युरेटर तुंबला. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल धरते, त्यामुळे आता काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतो. दीड तासानंतर खांदे भरून येतात, म्हणून दोन्ही खांद्यांवर घ्यायचा पट्टा वेगळा विकत घेतला आणि तो खर्च सार्थकी लागला.

सध्या यंत्र पंधरवड्यातून एकदाच लागते. रोजची नजर हवी ती आंब्याच्या आळ्यावर, कारण बुलबुल घाणेरीची काळी फळे खाऊन वर फांदीवर बसतात आणि खाली पाण्याच्या ओलीवर रोपे उगवतात. काल तिथे बोटभर उंचीची चौदा निघाली. माती ओली असल्याने मुळासकट हाती आली.